जमिनीखालचं मेट्रो स्टेशन: गोव्यातल्या माणसांनी मला विचारलेले प्रश्न

मी फोंड्याचा, पेशाने बांधकाम अभियंता. मुंबईत जमिनीखालच्या स्टेशनांच्या कामावर काही वर्षं काढून घरी परतलो. तेव्हापासून लग्नात, देवळात, बाजारात ओळखीची माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलंही येतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

गोव्यात मेट्रोच नाही. मग आम्हाला याचं काय?

मेट्रो नसली तरी मेट्रोत बसणारे गोंयकार पुष्कळ आहेत. कोकणकन्या किंवा मांडवी पकडून सीएसएमटीला उतरणारे, दाबोळी-मोपाहून विमानाने जाणारे, इलाजासाठी, परीक्षेसाठी, पुण्यात शिकणाऱ्या मुलांना भेटायला जाणारे. मुंबईची मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत 33.5 किलोमीटर धावते. तिच्या 27 स्टेशनांपैकी आरे सोडलं तर बाकी 26 जमिनीखाली आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ती कफ परेडला पोचली. पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट ही पाच स्टेशनं खाली आहेत.

दुसरं कारण माझ्या जवळचं आहे. पाऊस, चिऱ्याची जमीन, खाडीचं पाणी, चिंचोळे रस्ते आणि जुनी घरं या सगळ्यांशी आपणही झगडतो. खालचं स्टेशन बांधताना नेमक्या याच गोष्टी सोडवाव्या लागतात, म्हणून त्यातलं बरंच आपल्या गल्लीत लागू पडतं.

खाली नेमकं असतं तरी काय? वरून तर एक जिना दिसतो.

जमिनीत पुरलेली एक लांबलचक पेटी डोळ्यांसमोर आणा. लांबी दोनशे मीटरच्या आसपास किंवा थोडी जास्त, रुंदी वीस-पंचवीस मीटर. सगळ्यात खाली फलाट आणि रूळ. त्याच्या वर कॉनकोर्स, म्हणजे तिकीट, तपासणी आणि गेटांचा मजला. गाडी आठ डब्यांची असेल तर फलाट तेवढा लांब हवाच, पण पेटीची लांबी फलाटापाशी संपत नाही. तिच्या दोन्ही टोकांना प्रवाशांना कधीच न दिसणाऱ्या खोल्या असतात: वीज उपकेंद्र, मोठमोठे पंखे, वातानुकूलनाची यंत्रं, सिग्नलची खोली, आग विझवण्याच्या पाण्याची टाकी, पंप. पेटीचा मोठा हिस्सा या यंत्रांनीच व्यापलेला असतो. रस्त्याच्या कडेला जाळीदार भिंतींचे चौकोनी मनोरे दिसतात ना, ती त्या यंत्रांची नाकं. त्यांचं पुढे येईलच.

एवढा खड्डा काढताना वरचा रस्ता, आजूबाजूच्या इमारती खाली कशा येत नाहीत?

कारण खड्ड्याच्या आधी भिंत होते. पद्धत ऐकली की लोकांना उलटी वाटते. आधी जमिनीत मीटरभर रुंदीचा अरुंद, खोल चर काढतात. तो ढासळू नये म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीच्या घट्टसर पाण्याने भरून ठेवतात. मग त्यात सळयांचा उभा पिंजरा सोडतात आणि तळापासून काँक्रीट भरत वर येतात. काँक्रीट चढतं तसं बेंटोनाइट वर ढकललं जातं आणि ते उपसून परत वापरतात. झाली डायफ्राम वॉल, साइटवर तिला डी-वॉल म्हणतात. चारी बाजूंनी अशी भिंत झाली की मगच मधली माती काढायची. कठीण खडक लवकर लागला तर भिंतीऐवजी एकमेकांना खेटून गोल खांब उतरवतात.

पुढे दोन वाटा. एक, तळापर्यंत खोदून खालून वर बांधत येणं. दुसरी टॉप-डाऊन, म्हणजे आधी छप्पर टाकायचं, त्यावर रस्ता परत सुरू करायचा आणि छपराखाली माती काढत एकेक मजला उतरायचं. गर्दीच्या रस्त्यावर दुसरी पद्धत माणसांना कमी त्रासाची, पण काम करणाऱ्याला अवघड, कारण सगळी माती छपरातल्या भोकांतून बाहेर काढावी लागते.

गिरगाव-काळबादेवीसारख्या ठिकाणी रस्ता इतका अरुंद आहे की पेटीची पूर्ण रुंदी वरून उघडताच येत नाही. तिथे एका बाजूने खाली उतरून आडव्या दिशेने, टप्प्याटप्प्याने खडक फोडत आणि लगेच त्यावर काँक्रीट फवारत फलाटाची जागा कोरून काढतात. या पद्धतीला एनएटीएम म्हणतात. दोन स्टेशनांमधले बोगदे मात्र टीबीएम नावाच्या यंत्राने पाडतात. पुण्यात या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नावं दिली होती. मुंबईत गोदावरी, कृष्णा, वैनगंगा होत्या.

गोंयकारांचं जुनं गिरगाव यात गेलं का?

हा प्रश्न वयस्क माणसं विचारतात आणि त्यांच्या आवाजात काळजी असते. गिरगाव, धोबीतलाव, कावेल या पट्ट्यात गोव्याहून गेलेल्यांनी पिढ्या काढल्या. गावोगावचे कूड (गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची ठिकाणं) तिथे होते, गोवा हिंदू असोसिएशन 1919 पासून मुंबईत उभी आहे. मेट्रो 3 साठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांचं पुनर्वसन त्याच भागात नव्या उंच इमारतींत करायचं ठरलं. गावकुसाबाहेर कुठेतरी खोल्या देऊन मोकळं होण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच बरा. तरी चाळीचा व्हरांडा उंच इमारतीच्या लॉबीत मिळत नाही. स्टेशनच्या हिशेबात ही किंमतही धरायला हवी असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

पावसाळ्यात स्टेशनात पाणी शिरत नाही?

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे हा प्रश्न आपण विचारणारच. पाणी दोन वाटांनी येतं, वरून तोंडातून आणि बाजूने भिंतीतून.

आधी वरचं. स्टेशनच्या दाराला पाणी अडवायचं पहिलं साधन अगदी साधं आहे: उंबरठा. रस्त्यावर आजवर जास्तीत जास्त पाणी किती चढलं याची नोंद काढायची आणि दार त्याहून उंच ठेवायचं. बँकॉकमध्ये म्हणूनच आधी दोन-चार पायऱ्या वर चढावं लागतं, मग खाली उतरायचं. परगावचा माणूस विचारतो, खाली जायचंय तर वर का चढायचं? आपल्याला विचारायची गरज नाही. आपल्या जुन्या घरांची जोतीही अशीच उंच असतात, वर चढूनच सोप्यात जावं लागतं. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर तिथे जमिनीखाली काहीही बांधायचं तर हा आकडा टेबलावर असतोच.

उंबरठ्यावर भागत नाही तिथे दारात उभे करायचे फळ्यांसारखे पूरदरवाजे असतात. खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातलं पाण्याचं दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी दोन वाक्यांत समजावतो. भरतीचं पाणी आलं की मानशीचं दार पाण्याच्याच दाबाने लागतं, कोणी धावत जाऊन लावावं लागत नाही. स्टेशनचा पूरदरवाजा बहुतेक वेळा माणसाला लावावा लागतो. म्हणून तो कुठे ठेवलाय, कोणी लावायचा, रात्री अडीच वाजता पाऊस वाढला तर किल्ली कोणाकडे, हे ठरलेलं असलं पाहिजे. जगात जिथे मोठी पडझड झाली तिथे बऱ्याचदा नियोजनाची अशीच एखादी फट होती. 2001 च्या सप्टेंबरात वादळाच्या पावसाने तैपेईची मेट्रो बुडाली. 20 जुलै 2021 ला चीनमधल्या झेंगझौत भुयारी गाडीत पाणी भरलं आणि 14 प्रवासी दगावले.

आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे 26 मे 2025. वरळीचं आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. पाऊस वेळेआधी आला, बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशद्वारापाशी पाणी अडवणारी भिंत कोसळली आणि पाणी थेट स्टेशनात गेलं. यातून एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पूर्ण झालेल्या स्टेशनपेक्षा अर्धवट झालेलं प्रवेशद्वार जास्त धोक्याचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात खणलेले रस्ते जूनमध्ये काय करतात हे पणजीकरांना वेगळं सांगायला नको.

आणि भिंतीतून येणारं पाणी?

ते थांबत नाही, त्याला वाट काढून द्यावी लागते. तुम्ही चिऱ्यात विहीर खोदताना पाहिली असेल. एप्रिलमध्ये कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या चिऱ्याच्या भोकाभोकांतून जूनअखेर पाणी पाझरू लागतं. स्टेशनची भिंत काँक्रीटची असली तरी तिचे तुकडे जिथे जुळतात तो सांधा म्हणजे पाण्याची आवडती जागा.

एका स्टेशनात (नाव लिहीत नाही) खालच्या मजल्यावर मला रोज सकाळी एक ओला डाग दिसायचा, तळहाताएवढा. बोट लावलं की गार लागायचं, वाळल्यावर भोवती पांढरी खरखरीत कड उरायची. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन साचतो, तीच ती कड. रंगाऱ्याने दोनदा वरून रंग मारला आणि दोनदा तो फुगून सुटला. शेवटी सांध्यात भोकं पाडून नळ्या बसवल्या आणि दाबाने रसायन भरलं. पाण्याला लागलं की फेसासारखं फुगून ते फट बुजवतं. डाग गेला. महिन्याभराने चार मीटरवर दुसरा उगवला. हे असंच चालतं. म्हणून चांगल्या स्टेशनात सजावटीच्या पॅनेलमागे बारीक पोकळी आणि पन्हळ ठेवतात. झिरपलेलं पाणी त्यातून तळाच्या टाकीत जातं आणि पंप ते उपसत राहतात. पॅनेल उघडून मागे बघता येतं की नाही, यावरून मी आर्किटेक्टची पारख करतो.

आपल्या पेडण्याच्या रेल्वे बोगद्याचं दुखणंही हेच आहे, मऊ माती आणि पाणी. ऑगस्ट 2020 मध्ये तिथे आतली भिंत ढासळली. जुलै 2024 मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल येऊन कोकण रेल्वेच्या गाड्या अडकल्या. खडकातला बोगदा एकदा पाडला की विसरता येतो, मातीतल्या बोगद्याकडे जन्मभर लक्ष ठेवावं लागतं.

स्टेशन पाण्यावर तरंगतं असं कोणीतरी म्हणालं. खरं का?

तरंगू बघतं, हे खरं. माझा सगळ्यात आवडता विषय हाच आहे.

रिकामी कळशी तोंड वर ठेवून विहिरीच्या पाण्यात दाबून बघा, हात वर ढकलला जातो. जमिनीखालचं स्टेशनही एक रिकामी कळशीच आहे. हिशेब सोपा आहे. समजा भूजल जमिनीपासून तीन मीटरवर आणि स्टेशनचा तळ तेवीस मीटरवर. म्हणजे तळावर वीस मीटर पाण्याचा दाब. एक मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन, तेव्हा वीस टन. तळ दोनशे मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद, म्हणजे पाच हजार चौरस मीटर. पाणी त्या पेटीला वर ढकलतं एक लाख टनांच्या जोराने. रात्रंदिवस, पंप बंद असला तरी.

ती वर येऊ नये म्हणून तिला जड करतात. तळाचा स्लॅब दोन मीटर किंवा त्याहून जाड का असतो याचं उत्तर यात आहे. छपरावर मातीचा थर परत भरतात, तेही ओझंच. भिंती तळाच्या खाली खडकात रोवतात, आणि तरीही कमी पडलं तर तळातून खडकात सळया बांधून स्टेशनला खाली ओढून धरतात. वरचं आभाळ पेलणारे खांब सगळ्यांना माहीत असतात. इमारत उडून वर येऊ नये म्हणून घातलेले खांब बघितले की मला अजून नवल वाटतं.

पंचाईत होते ती बांधकामाच्या मधल्या काळात. तळ झाला आहे, छप्पर अजून नाही, म्हणजे ओझं अपुरं आणि पावसाळा तोंडावर. तेव्हा आजूबाजूचं भूजल पंपाने उतरवून ठेवावं लागतं. पण फार उतरवलं तर शेजारची जमीन खचते. म्हणून रोज नळीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजणारा एक मुलगा साइटवर असतो. पगाराने तो सगळ्यात लहान. त्याची वही मात्र सगळे उघडून बघतात.

शेजारच्या जुन्या घरांना तडे जातात का?

जाऊ शकतात. खोदकामाने जमीन थोडी हलतेच, प्रश्न किती हा असतो. काम सुरू होण्याआधी प्रत्येक इमारतीची पाहणी होते, जुने तडे फोटोसह नोंदवतात. भिंतींवर हालचाल मोजायला छोटे आरसे आणि कल मोजणारी यंत्रं, तड्यांवर मोजपट्ट्या लावतात. मर्यादा ओलांडली की काम थांबायला हवं. तुमच्या घराशेजारी असं कुठलंही खोदकाम होणार असेल, अगदी तळघराचंसुद्धा, तर स्वतःच तारखेसह तड्यांचे फोटो काढून ठेवा. हा माझा सगळ्यांना हात जोडून सल्ला.

कोलकात्यात ऑगस्ट 2019 च्या अखेरीस बोबाजार भागात बोगदा पाडणाऱ्या यंत्राने पाण्याचा थर फोडला आणि वरची जुनी घरं कोसळली. तिथली जमीन नदीच्या गाळाची आहे. मुंबईला बेसाल्टचा आधार आहे. पुण्यातही खाली खडकच आहे, म्हणून पेठांमधल्या वाड्यांखालून बोगदा नेता आला.

खाली गुदमरत नाही का? आग लागली तर?

गाडी बोगद्यातून येते तेव्हा पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलत येते. तो झोत आणि गाडीच्या ब्रेकची उष्णता बाहेर सोडायला ते जाळीदार मनोरे आहेत. खालचे मोठे पंखे उलटसुलट दोन्ही दिशांनी फिरतात. आग लागली तर धूर एका बाजूने ओढायचा आणि माणसं पळतात त्या बाजूने ताजी हवा सोडायची, हे आधीच बसवून ठेवलेलं असतं. जिन्यांची रुंदी आणि संख्या जगभर बहुतेक ठिकाणी एनएफपीए 130 या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकाने ठरते: फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि सगळ्यांत लांबचा माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचावा. जिना एवढा रुंद कशाला, जागा वाया गेली, असं वाटलं की ही सहा मिनिटं आठवा.

फलाटाच्या कडेचे काचेचे दरवाजे याच गटातले. माणूस रुळावर पडत नाही, गार हवा बोगद्यात वाहून जात नाही, गाडीचा झोत अंगावर येत नाही.

पुण्याच्या सिव्हिल कोर्ट स्टेशनात खाली ऊन पडतं म्हणे?

पडतं. ते स्टेशन 33.1 मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. पुढे बोगदा मुठेखालून जातो. छताची रचना अशी केली आहे की दिवसाचा प्रकाश फलाटापर्यंत उतरतो. मी दुपारी गेलो होतो. सरकत्या जिन्यावरून एकेक टप्पा उतरत गेलो तरी वरचा उजेड डोक्यावर राहिला. जिन्याने वळण घेतलं की आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे आपोआप कळत होतं. प्रकाशाचा खरा उपयोग हा आहे. विजेच्या बचतीचं कौतुक सगळे करतात, पण जमिनीखाली माणसाला पहिली भीती हरवण्याची असते. वरून येणारा एक उजेडाचा पट्टा वीस पाट्यांचं काम करतो.

वरच्या बाजूला वनाझ-रामवाडी मार्गिका खांबांवरून जाते. म्हणजे गाडी बदलणारा माणूस जमिनीच्या पोटातून थेट छपरावर चढतो. मुलांनी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारं चित्र, काढायला शिकायचं तर हे स्टेशन बघावं.

स्टेशनचं प्रवेशद्वार कुठे असावं हे कसं ठरतं? आम्हाला तर ते नेहमी चुकीच्या जागी वाटतं.

तुम्हाला वाटतं ते बऱ्याचदा बरोबर असतं.

नियमाने पाहिलं तर दार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हवं, म्हणजे जमिनीखालूनच रस्ता ओलांडता येतो. बस थांबा, बाजार, शाळा, इस्पितळ यांच्या जवळ हवं. प्रत्यक्षात ते जिथे सरकारी जमीन मोकळी मिळते तिथे जातं. खालची पेटी लाखभर टनांची, पण तिचं तोंड कुठे उघडणार हे एखाद्या कंपाउंडच्या वादावर ठरतं. मी कित्येक वर्षं स्लॅब आणि सळया मोजल्या. आता कुठलंही स्टेशन बघायला गेलो की मी आधी त्याच्या तोंडापाशी अर्धा तास उभा राहतो. रिक्षा कुठे थांबते? माणसं छत्री कुठे मिटतात? दारापुढे पाच-सहा मीटर मोकळी जागा आहे की बाहेर पाऊल टाकताच गाडी अंगावर येते? म्हातारी बाई पिशवी खाली ठेवून दम घेईल अशी एक पायरी, एक कठडा आहे का? बांधकामाआधी तिथे बसणाऱ्या फुलवाल्या परत आल्या का?

मंगेशीला गाडीतून उतरल्यावर देऊळ कुठे असं कोणी विचारत नाही. दीपस्तंभ लांबून दिसतो, वाटेवर फुलांचे गाडे, मग तळी, मग पायऱ्या. पाय आपोआप जातात. वाट दाखवण्याचं शास्त्र आपल्या पूर्वजांनी पाटी न लावता असं मांडून ठेवलं होतं. स्टेशनच्या दारालाही तसं लांबून ओळखू येणारं काहीतरी हवं, आणि वाट देणाऱ्या ओळखीच्या गोष्टी भोवती राहायला हव्यात. पुण्यात मंडई स्टेशनाला हा फायदा आयता मिळाला, महात्मा फुले मंडईची इमारत स्वतःच खूण आहे. मुंबईत सिद्धिविनायक स्टेशनाचंही तसंच. भोवतालच्या गजबजीला अतिक्रमण समजून साफ केलेलं स्टेशन रात्री नऊनंतर ओसाड होतं आणि एकट्या बाईला तिथून चालताना धाकधूक वाटते. गाडेवाल्यांसाठी नकाशावर आधीच जागा आखा, मागे हटवून ठेवा, पण ठेवा.

पणजीत असं स्टेशन होईल का?

होऊ नये असं माझं मत आहे, आणि कारण पैशाचं आहे. मेट्रो 3 ला सुमारे 37 हजार कोटी रुपये लागले, म्हणजे किलोमीटरला हजार कोटींहून जास्त. 2011 च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती आणि पणजी महापालिकेची चाळीस हजारांच्या घरात. एवढ्या माणसांसाठी खालची गाडी भरणार नाही. शिवाय आल्तिनोचा डोंगर सोडला तर सखल पणजीखाली मांडवीचा गाळ आणि खारं पाणी. बांधता येईल, पण वर सांगितलेली कळशी जन्मभर दाबून धरावी लागेल. मडगावातला स्कायबसचा, म्हणजे वरच्या रुळाला लटकून धावणाऱ्या गाडीचा, अनुभवही विसरू नये. 2004 साली चाचणीत अपघात होऊन एक जीव गेला आणि पुढे ते खांब उतरवावे लागले. आपल्याला वेळेवर सुटणारी कदंबा बस, फेरीबोट आणि त्यांच्यापर्यंत पावसात न भिजता नेणारे पदपथ हवेत. बसस्थानकाच्या दारापुढे वरची अर्ध्या तासाची परीक्षा घेऊन बघा, काम कुठे सुरू करायचं ते कळेल.

सीएसएमटीला उतरून मेट्रो कशी पकडायची?

मेट्रोचं स्टेशन रेल्वेच्या इमारतीसमोरच आहे, पाट्या बघत खाली उतरा. दादरला उतरलात तर पश्चिमेला बाहेर पडून थोडं चालावं लागतं, सामान जास्त असेल तर सीएसएमटीच बरं. विमानाने गेलात तर टी 1 आणि टी 2 दोन्हीकडे स्टेशन आहे. मोबाइलचं नेटवर्क खाली गेल्यावर भरवशाचं नसतं, तिकीट वरच काढून ठेवा. बाहेर पडताना दाराचा क्रमांक आधी विचारून घ्या. चुकीच्या दाराने वर आलात तर चौक ओलांडण्यातच दहा मिनिटं जातात.

जमिनीवरच्या पिवळ्या खरबरीत लाद्या कशासाठी? आमची मुलं त्यावरून उड्या मारत जातात.

त्या अंध माणसांच्या काठीसाठी आणि तळव्यासाठी आहेत. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल टिपके म्हणजे थांबा, पुढे जिना, वळण किंवा कड आहे. मुलांना हे सांगा, आणि त्या पट्टीवर बॅग ठेवून उभं राहू नका. घरी आलात की मागच्या अंगणात डोळे मिटून, चप्पल काढून दहा पावलं चाला, मग त्या लाद्यांची किंमत कळते.

आईला घेऊन जायचंय. तिचे गुडघे दुखतात, सरकत्या जिन्याला घाबरते.

लिफ्ट सगळीकडे आहे, पण ती सगळ्याच दारांना नसते. म्हणून आत शिरण्याआधी सुरक्षा रक्षकाला "लिफ्ट कुठल्या दाराला?" एवढंच विचारा. रस्त्यावरून कॉनकोर्स ही एक लिफ्ट आणि गेटातून आत गेल्यावर फलाटापर्यंत दुसरी, हे आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर मध्येच उतरून ती गोंधळते. सरकत्या जिन्यावर जायचंच झालं तर साडीचा घोळ हातात घ्यायला सांगा आणि तुम्ही एक पायरी खाली उभे राहा, चढतानाही आणि उतरतानाही. माझी मावशी डिचोलीहून पहिल्यांदा आली तेव्हा जिन्यापाशी येऊन तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "हा थांबतो कधी?" आम्ही बाजूला उभे राहून चार माणसं चढताना पाहिली. पाचव्यानंतर तिने स्वतःच पाऊल टाकलं.